हिमभूमीची कथा आणि तिचे धनी

व्यापाऱ्याच्या वखारींत एक एस्किमो शिकारी बसला आहे. शेजारीं ग्रामोफोन वाजत आहे. त्या यंत्रांतून माणसाचा आवाज कसा निघतो या नवलानें तो हंसतो, तबकडी हातांत घेतो, आणि ती खाण्याची वस्तु आहे कीं काय हें पाहाण्याकरितां तिला दांत लावतो. १९२२ सालीं न्यूयॉर्क शहरांत प्रथम दाखविल्या गेलेल्या 'नानूक ऑफ दि नॉर्थ' या मूकपटांतील हा प्रसंग आहे. चित्रपटांचा इतिहास लिहिणारांनीं या पटास वास्तवपटांचा आद्य नमुना म्हणून गौरविलें आहे, आणि त्याचें छायाचित्रण पाहातां तो गौरव सर्वस्वीं अनाठायीं आहे असेंहि म्हणतां येत नाहीं. तथापि या दृश्याविषयींची एक गोष्ट पडद्यावर कोठेंच लिहिलेली नाहीं. ग्रामोफोन काय वस्तु आहे हें त्या शिकाऱ्याला चांगलें ठाऊक होतें. तो अभिनय करीत होता.

त्याचें नांवहि नानूक नव्हतें. नानूक म्हणजे पांढरें अस्वल. परदेशांतील प्रेक्षकांच्या जिभेला सोपें जावें म्हणून तें नांव त्याला देण्यांत आलें. त्याचें खरें नांव अलाकारिआलाक. पडद्यावर 'नायला' या नांवानें दिसणारी त्याची पत्नी ही वस्तुतः त्याची पत्नी नव्हती. तिचें नांव मॅगी नुयार्लुक्तुक असें होतें. आणि 'एस्किमो' हें नांव तरी या लोकांचें स्वतःचें कोठें आहे? तेंहि इतरांनीं दिलेलें. ते स्वतःला इन्युइट म्हणतात. त्यांच्या इनुक्तितुत भाषेंत त्याचा अर्थ 'माणसें' एवढाच होतो.

हा पट काढणारा रॉबर्ट फ्लॅहर्टी हा मूळचा चित्रपटवाला नव्हे. कॅनडाच्या उत्तर भागांत खनिजांचा शोध घेत तो हिंडत असे. १९१३ सालीं तिसऱ्या सफरीवर निघतांना त्यानें प्रथमच एक कॅमेरा बरोबर घेतला. हें साल मराठी वाचकांच्या विशेष परिचयाचें आहे. याच सालीं मे महिन्यांत मुंबईस दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकट झाला. ख्रिस्तचरित्राचा पट पाहातां पाहातां आपलीं दैवतें पडद्यावर केव्हां दिसतील या ध्यासानें फाळके पछाडले आणि त्यांनीं तो ध्यास स्वतःच पुरा केला. यंत्र परदेशचें असलें तरी कथा, कथेकरी आणि प्रेक्षक हीं तिन्ही येथलींच होतीं. इन्युइट लोकांना तसा योग येण्यास आणखी पाऊणशें वर्षें लोटावयाचीं होतीं.

फ्लॅहर्टीचा पहिला प्रयत्न अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडला. १९१६ सालीं टोरोंटो येथें त्याच्याच हातच्या सिगारेटची ठिणगी फिल्मवर पडली आणि सुमारें तीस हजार फूट लांबीची मूळ प्रत भस्म झाली. पुढें रेव्हियाँ बंधु या फ्रेंच व्यापारी पेढीनें त्याला द्रव्य पुरविलें. ही पेढी केसाळ कातड्यांचा व्यापार करणारी होती. पटांतील ती वखार तिचीच. १९२० च्या ऑगस्टमध्यें फ्लॅहर्टी हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर पोर्ट हॅरिसन येथें उतरला. या ठिकाणाला तेथील लोक इनुकजुआक म्हणतात. तेथें तो वर्षभर राहिला, आणि या वर्षांत इन्युइट लोकांनीं जें काम केलें तें केवळ पडद्यावर दिसण्याचें नव्हतें. कॅमेरा बिघडला कीं त्याचे सर्व भाग सुटे करून ते पुन्हां जोडीत. फिल्म धुण्यासाठीं पाणी पाहिजे, म्हणून जाड बर्फांत भोंक पाडून तें पिंपांत भरीत व घसरगाडीवरून आणीत. आणि अंगावरच्या कातड्यांचे केंस पाण्यांत पडून फिल्म खराब होई, म्हणून तें निवडून घ्यावें लागे. धुतलेली फिल्म तेथेंच गांवकऱ्यांना दाखविली जाई. वालरसच्या शिकारीचें दृश्य लागलें तेव्हां पडद्यावरच्या शिकाऱ्यांना मदत करण्यासाठीं प्रेक्षक ओरडूं लागले असें फ्लॅहर्टीनेंच लिहून ठेवलें आहे. थोडक्यांत, दिग्दर्शक आणि मूळ कल्पना वगळल्यास त्या पटाचा सारा कारखाना इन्युइट हातांनींच चालला होता.

पटांत मात्र या कारखान्याचा मागमूस नाहीं. बंदुका असतांना त्या बाजूला ठेवून भाल्यानें शिकार करून दाखविण्यांत आली. नेहमींच्या इग्लूंत कॅमेरा मावेना. म्हणून एक मोठें बर्फाचें घर बांधलें, आणि उजेडासाठीं त्याची एक बाजू कापून काढली. उघड्या थंडींत ते सर्वजण झोपण्याचें आणि जागे होण्याचें काम करीत राहिले. पट जगभर चालला. नंतर अलाकारिआलाकच्या मृत्यूची वार्ता आली. शिकार न मिळाल्यानें तो बर्फांत उपासमारीनें मेला, असें सांगण्यांत आलें. ही कथा पटाला शोभणारीच होती. खरें पाहातां तो आपल्या घरीं आजारानें, बहुधा क्षयानें, वारला. माणसाचा मृत्यु देखील कथेच्या सोयीनें बदलून घेण्यांत आला. (हाच फ्लॅहर्टी पुढें म्हैसूरच्या जंगलांत आला, आणि तेथल्या एका माहुताचा मुलगा साबू हा १९३७ सालच्या 'एलिफंट बॉय' या बोलपटामुळें जगप्रसिद्ध झाला, हें पुष्कळांना आठवत असेल.)

आतां, दृश्यें रचून घेतलीं एवढाच जर फ्लॅहर्टीचा दोष असता, तर त्याची इतकी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. कोणतीहि गोष्ट सांगणारा तिची मांडणी करतोच. भाल्यानें शिकार करण्याची वाडवडिलांची रीत पुन्हां करून दाखविण्यांत त्या शिकाऱ्यांनाहि गोडी वाटली असली पाहिजे. दोष निराळ्या ठिकाणीं आहे. कोणता काळ दाखवावा, कोणतें नांव द्यावें, काय कापावें, आणि शेवटीं ती वस्तु कोणाच्या मालकीची व्हावी, यांपैकीं एकाहि प्रश्नाचा निकाल इनुकजुआकमध्यें लागला नाहीं. बंदूक वापरणारा, ग्रामोफोन ऐकणारा, व्यापाऱ्याशीं हिशेब करणारा इन्युइट हा पडद्याला नको होता. त्याला हवा होता तो काळाच्या बाहेर उभा असलेला, हंसतमुख, निष्पाप हिममानव.

अशा चित्रांचे परिणाम चित्रगृहापुरते राहात नाहींत. १९५३ सालीं कॅनडाच्या सरकारनें याच इनुकजुआकमधील कांहीं कुटुंबें उचलून सुमारें दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रिझ फिऑर्ड आणि रेझोल्यूट येथें नेऊन ठेवलीं. सरकारी मदतीवर अवलंबून राहाण्यापेक्षां त्यांनीं पूर्वीप्रमाणें शिकारीवर जगावें हें कारण पुढें करण्यांत आलें. निर्जन बेटांवरील कॅनडाचा हक्क शाबीत करावा हा हेतुहि त्यामागें होता असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. जेथें नेलें तेथें हिंवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य उगवत नाहीं. तेथले प्राणी निराळे, बर्फ निराळें. दोन वर्षांनीं परत आणूं हें वचन पाळलें गेलें नाहीं. १९५५ सालीं गेलेल्या दुसऱ्या तुकडींत जोसेफी हा गृहस्थ आपल्या कुटुंबासह होता. हा मॅगीला फ्लॅहर्टीपासून झालेला मुलगा. फ्लॅहर्टी निघून गेल्यावर तो जन्मला आणि बापानें त्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं. एका मूकपटामुळें हें स्थलांतर घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु इन्युइट माणूस म्हणजे बर्फ आणि शिकार मिळाली कीं कोठेंहि आनंदानें जगणारा प्राणी, ही समजूत अधिकाऱ्यांच्या मनांत कोठून आली याचा विचार करतांना तो पट डोळ्यांपुढें आल्यावांचून राहात नाहीं. सरकारनें या प्रकरणीं २०१० सालीं क्षमा मागितली. जोसेफीची मुलगी मार्था हिच्या आठवणींवर २००८ सालीं एक पट निघाला. त्यांत बोलणारी ती स्वतः आहे.

यानंतरचें प्रकरण दूरचित्रवाणीचें. १९७२ सालीं कॅनडानें 'अनिक' नांवाचा उपग्रह आकाशांत सोडला. (नांव इनुक्तितुत भाषेंतलें, अर्थ 'भाऊ'.) त्यायोगें दक्षिणेकडील इंग्रजी-फ्रेंच कार्यक्रम हिमप्रदेशांतील गांवांत घरोघर दिसूं लागले. इनुक्तितुत त्यांत जवळजवळ नव्हतेंच. त्या वेळीं इग्लूलिक या गांवानें एक विलक्षण गोष्ट केली. फॉक्स उपसागरांतील एका बेटावर वसलेलें हें लहानसें गांव. दूरचित्रवाणी घ्यावी कीं नाहीं यावर तेथें १९७५ सालीं मतदान झालें, आणि बहुमत 'नको' असें पडलें. १९७९ सालीं पुन्हां विचारलें, पुन्हां 'नको'. नवें यंत्र दाराशीं आलें असतां तें परत पाठविणारें गांव दुर्मिळच म्हणावें लागेल. या लोकांना यंत्राची भीति वाटत होती असें मात्र कोणी समजूं नये. यंत्रांतून जें बोललें जाणार होतें तें आपल्या भाषेंत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पुढें इन्युइट संस्थांनीं चळवळ करून, उपग्रहावर प्रयोग करून, आपले तरुण शिकवून १९८१ सालीं स्वतःचें प्रक्षेपण मंडळ स्थापिलें, आणि त्याचे इनुक्तितुत कार्यक्रम सुरू झाल्यावर १९८३ सालीं इग्लूलिकनें दूरचित्रवाणीला दार उघडलें. या मंडळाच्या अध्यक्षा रोझमेरी कुप्ताना यांनीं परक्या दूरचित्रवाणीची तुलना न्यूट्रॉन बाँबशीं केली होती: इमारती उभ्या राहातात, माणसें मात्र नाहींशीं होतात.

याच इग्लूलिकमध्यें झकारिआस कुनुक नांवाचा एक कोरीवकाम करणारा तरुण राहात असे. त्याचा जन्म १९५७ सालीं कापुइविक येथील शिकारी तळावर झाला. मुलें शाळेंत न घातल्यास कौटुंबिक भत्ता बंद होईल, अशी ताकीद सरकारकडून आल्यामुळें आईबापांनीं १९६६ सालीं त्याला गांवांत पाठविलें. गांवच्या सभागृहांत चित्रपट दाखवीत. तिकीट पंचवीस सेंट. मुलगा दगडांतून लहान लहान मूर्ति कोरून ते पैसे मिळवी आणि काउबॉय-इंडियनांचे, जॉन वेनच्या घोडदळाचे पट पाही. पडद्यावर लढाई जुंपली म्हणजे तोहि इतर मुलांबरोबर घोडदळाच्याच बाजूचा असे. स्वतःसारख्याच एका मूलनिवासी जमातीचा पाडाव होत असतां टाळ्या पिटीत होतों, हें त्याच्या ध्यानांत पुष्कळ उशिरां आलें.

१९८१ सालीं, गांवांत दूरचित्रवाणी येण्याच्याहि आधीं, कुनुक आपलीं शिल्पें घेऊन माँट्रियलला गेला आणि त्यांच्या विक्रींतून व्हिडिओ कॅमेरा व दूरचित्रवाणीचा संच घेऊन परतला. गांवांतील मुलें त्याच्या खिडकीशीं गर्दी करून आंतलीं हलतीं चित्रें पाहात. बापाची शिकारीची हकीकत तोंडोतोंड ऐकण्याऐवजीं ती जशीच्या तशी टिपून ठेवावी, ही त्याची मूळची इच्छा. कांहीं वर्षें त्यानें इन्युइट प्रक्षेपण मंडळांत काढलीं. परंतु तेथेंहि पैशाचे व धोरणाचे निर्णय दूर दक्षिणेला होत. आपल्या लोकांची संस्था झाली तरी कथा सांगणारा पुन्हां नोकरच राहातो, हा अनुभव त्याला आला. आणि या विषयांतला हा भाग सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. अखेर कुनुक, त्याचा सहकारी पॉल अपाक आंगिलिर्क, वयोवृद्ध पॉलूसी कुलितालिक आणि न्यूयॉर्कहून येऊन इग्लूलिकला राहिलेला नॉर्मन कोन या चौघांनीं १९९० सालीं 'इसुमा' नांवाची कंपनी काढली. इसुमा म्हणजे विचार. भांडवलाचा मोठा हिस्सा इन्युइट हातीं राहील अशी तिची घडण होती. पाठोपाठ 'अर्नाइत' हें स्त्रियांचें मंडळ निघालें. शिवणकाम, बाळंतपण, औषधी वनस्पति यांविषयींच्या ज्या गोष्टी पुरुषांच्या कॅमेऱ्यापुढें कोणी सांगितल्या नसत्या, त्या तेथें सांगितल्या गेल्या.

इसुमाच्या आरंभींच्या पटांत जुनें जीवन पुन्हां रचूनच दाखविलें आहे. १९४५ च्या सुमारास इग्लूलिकचे लोक कसे राहात, यावर त्यांनीं तेरा भागांची एक मालिका काढली. मग यांत आणि फ्लॅहर्टींत फरक तो काय, असा प्रश्न कोणी विचारील. फरक हा कीं, तो काळ ज्यांनीं स्वतः जगला ते वृद्ध कॅमेऱ्याच्या पुढेंहि होते आणि पाठीमागेंहि होते. चूक झाली तर "असें नव्हे, असें" म्हणून अडविणारा माणूस हाताच्या अंतरावर होता, आणि त्याचें ऐकणें भाग होतें.

अपाकच्या मनांत याहून मोठी गोष्ट होती. अतानार्जुआत, म्हणजे 'जलद धांवणारा', याची कथा इग्लूलिकच्या मुलांना आया-आज्यांनीं पिढ्यान् पिढ्या सांगितलेली. दोन भाऊ, एक बळकट, एक चपळ. मत्सरानें पेटलेले शत्रु ते झोंपले असतां तंबूवर भाले घेऊन तुटून पडतात. बळकट भाऊ मरतो. चपळ भाऊ नागव्यानें, अनवाणी, समुद्रावरच्या बर्फावरून जीव घेऊन पळत सुटतो. अपाकनें आठ वृद्धांकडून ही कथा निरनिराळी ऐकून घेतली आणि ध्वनिमुद्रित केली. प्रत्येकाच्या सांगण्यांत कांहीं अधिक, कांहीं उणें. त्या सर्वांतून मंडळीनें आधीं इनुक्तितुतमध्यें संहिता तयार केली. इंग्रजी भाषांतर मागाहून, आणि तें मुख्यतः पैसे देणारांनीं वाचावें म्हणून.

पैसे देणारांशीं गांठ पडली तेव्हां निराळीच अडचण निघाली. कॅनडांत चित्रपटांना सार्वजनिक निधींतून साहाय्य मिळतें. परंतु इंग्रजी व फ्रेंच पटांची पेटी वेगळी आणि मूलनिवासी भाषांची पेटी वेगळी, व ही दुसरी फारच लहान होती. एवढा मोठा पट त्या पेटींत मावेना, आणि पहिल्या पेटीला हात लावण्याची परवानगी नाहीं. १९९८ सालीं याच पायीं चित्रणाचा एक हंगाम हातचा गेला. उत्तरेंत हंगाम गेला म्हणजे वर्ष गेलें. वसंतांतलें ओलसर बर्फ पुढच्या वसंतावांचून मिळत नाहीं. त्याच वर्षीं अपाक कर्करोगानें वारला. मंडळीनें तक्रारी केल्या, वाद घातला, आणि राष्ट्रीय चित्रपट मंडळाची भागीदारी मिळाल्यावर १९९९ सालीं काम पुरें करण्यास घेतलें. याच वर्षाच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस इन्युइट बहुसंख्य असलेला नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वांत आला होता.

पोषाख, भाले, दिवे, घसरगाड्या हीं सारीं गांवांतील कारागिरांनीं जुन्या पद्धतीनें बनविलीं. जेथें वृद्धांच्याहि स्मृतीची धांव पुरेना तेथें १८२२-२३ सालीं इग्लूलिकपाशीं हिंवाळा काढलेल्या कॅप्टन पॅरी या इंग्रज दर्यावर्दीच्या वृत्तांताचा आधार घेतला. परक्यानें लिहून नेलेली माहिती पावणेदोनशें वर्षांनीं मूळ धन्यांच्या कामीं आली! आणि शेवट मात्र त्यांनीं बदलला. परंपरागत कथेंत नायक शत्रूंचा वध करून सूड उगवितो. पटांत तो शत्रूच्या मस्तकाशेजारच्या बर्फावर घाव घालतो आणि हत्या येथें थांबली असें सांगतो. अपराध्यांना हद्दपारीची शिक्षा गांवची वृद्ध स्त्री देते. परक्यानें असा फेरफार केला असता तर तो गुन्हा ठरला असता. येथें तो गांवाचा स्वतःशींच चाललेला विचार होता. कथेवरचा हक्क म्हणजे ती जशीच्या तशी जपण्याचा हक्क एवढाच अर्थ पुष्कळजण घेतात. ती बदलण्याचा हक्क हाहि त्यांतच येतो, हें विसरलें जातें.

'अतानार्जुआत' हा इनुक्तितुत भाषेंत लिहिला, खेळला व दिग्दर्शित झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. २००१ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत, प्रथम पट काढणाऱ्या दिग्दर्शकास मिळणारें 'सुवर्ण कॅमेरा' हें पारितोषिक त्याला मिळालें. २०१५ सालीं टोरोंटोच्या महोत्सवानें चित्रपट-जाणकारांचीं मतें घेतलीं, तेव्हां कॅनडांत आजवर निघालेल्या सर्व पटांत त्याला पहिलें स्थान देण्यांत आलें. त्यानंतर २००६ सालीं कुनुक व कोन यांनीं क्नुद रास्मुसेन या डॅनिश संशोधकाच्या १९२२ सालच्या इग्लूलिक-भेटीवर पट काढला. 'नानूक' निघालें त्याच वर्षींची ती भेट. पट संशोधकाच्या नांवाचा असला तरी त्याचा खरा नायक आव्वा हा मांत्रिक आहे, आणि जुना धर्म सोडतांना त्याच्या अंतःकरणाची जी घालमेल होते तीच या पटाची कथा.

कीर्तीनें कर्ज फिटत नाहीं. २०११ सालीं इसुमाची कंपनी आर्थिक अडचणींत सांपडून तिचा कारभार सावकारांच्या वतीनें नेमलेल्या व्यवस्थापकांकडे गेला. मंडळीनें काम थांबविलें नाहीं. २००८ सालापासून त्यांनीं जगभरच्या मूलनिवासी लोकांच्या पटांसाठीं एक विनामूल्य भांडार उघडून ठेवलें होतें, तें चालू राहिलें. आणि २०२१ च्या जानेवारींत 'उवागुत' नांवाची, दिवसभर इन्युइट भाषेंतच बोलणारी पहिली दूरचित्रवाहिनी सुरू झाली. उवागुत म्हणजे 'आपलें'.

मधल्या काळांत, २०१६ सालीं, कुनुकनें 'मालिग्लुतित' हा पट काढला होता. जॉन वेन नायक असलेल्या, १९५६ सालच्या 'दि सर्चर्स' या प्रसिद्ध अमेरिकन पटाचा सांगाडा त्यांत घेतला आहे: नायकाच्या घरच्या स्त्रिया पळविल्या जातात आणि तो त्यांच्या शोधार्थ निघतो. लहानपणीं मूर्ति कोरून जमविलेल्या पंचवीस सेंटांची ही परतफेडच म्हणावयाची. फक्त येथें घोडदळ नाहीं आणि इंडियनहि नाहींत. शोधणारा इन्युइट, पळविणारेहि इन्युइट, भाषा इनुक्तितुत. कथेचा काळ आहे १९१३ सालचा, म्हणजे फ्लॅहर्टी आपला कॅमेरा घेऊन प्रथम उत्तरेकडे निघाला त्या वर्षींचा.